गोळीआधी रक्त : पक्षाघातानंतरची बोधनक्षमता आणि ब-१२ जीवनसत्त्व यांविषयी एक संवाद

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अचानक तुटणे किंवा तेथील रक्तवाहिनी फुटणे होय, आणि त्यातून हातापायाची शक्ती गेली तर ती घरच्यांना त्याच क्षणी दिसते. परंतु त्याच घावाने लक्ष टिकवणे, कामाचा क्रम लावणे, नेमका शब्द आठवणे, एका वेळी दोन गोष्टींचे भान ठेवणे या क्षमताही दुखावतात, आणि हे नुकसान पुष्कळदा रुग्ण काठीशिवाय चालू लागल्यानंतरच उघडे पडते. या सर्व क्षमतांना मिळून वैद्यकात बोधनक्षमता असे म्हणतात. पेंडलबरी आणि रॉथवेल या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून दाखवले की पहिल्या पक्षाघातानंतर सुमारे दहातील एका रुग्णाला नव्याने स्मृतिभ्रंश जडतो आणि झटका पुन्हा आल्यास हे प्रमाण तीनातील एकाच्याही पुढे जाते. स्मृतिभ्रंशाच्या व्याख्येपर्यंत न पोहोचणाऱ्या, तरीही नोकरी घालवण्यास पुरेशा अशा अडचणी याहून कितीतरी अधिक जणांच्या वाट्याला येतात.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या अडचणींना एक खास रूप येते, कारण येथे माणसाची बुद्धी रोज यंत्रासमोर कसाला लागते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले, आणि कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या भोवती गेल्या काही दशकांत हीच साखळी लांबत गेली. या कारखान्यांत सीएनसी, म्हणजे संगणकनियंत्रित, यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरला जॉब पकडीत बसवणे, प्रोग्रॅम निवडणे, टूलची ऑफसेट (त्याच्या मापाची दुरुस्ती) भरणे, पहिला पीस काढून तो मायक्रोमीटरने मोजणे, त्याला गुणवत्ता विभागाची मंजुरी घेणे आणि मगच उत्पादन चालू करणे असा क्रम पाळीच्या सुरुवातीस बिनचूक पार पाडावा लागतो. पक्षाघातानंतर अशा माणसाचा उजवा हात व्यायामाने सुधारतो, तो जिने चढतो, घरी पूर्वीसारखा बोलतो, पण ऑफसेट भरली की नाही याची त्याला खात्री राहत नाही, आणि मध्येच कोणी हाक मारली तर तुटलेला क्रम पुन्हा जोडता येत नाही. घरचे याला ‘विसरभोळेपणा’ म्हणतात. वस्तुतः हा स्मरणापेक्षा नियोजनाचा दोष असतो, कारण मेंदूच्या खोल भागातील केंद्रांना कपाळामागील भागाशी जोडणारे तंतू तुटले की साठवलेली माहिती शाबूत राहूनही ती योग्य क्रमाने कामी येत नाही.

अशा घरातील औषधांची पिशवी उघडली तर तिच्यात रक्तदाबाची गोळी, गुठळी होऊ न देणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, मधुमेह असल्यास मेटफॉर्मिन, आणि या साध्या पट्ट्यांच्या जोडीला नसांसाठी किंवा मेंदूसाठी म्हणून आणलेले जीवनसत्त्वांचे चकचकीत पाकीट सापडते. कधी कधी आठवड्याला एक असे ब-१२चे लाल रंगाचे इंजेक्शनही चालू असते. या पाकिटाचे पिशवीत काय काम आहे, हा या लेखाचा विषय आहे. त्यावरील दोन भूमिका येथे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत : भोसरीत कामगारवस्तीत अनेक वर्षे दवाखाना चालवणारे एक ज्येष्ठ फॅमिली डॉक्टर, आणि चिंचवडमध्ये मेंदूविकारांचे रुग्ण पाहणाऱ्या, वयाने त्यांच्याहून बऱ्याच लहान अशा एक मज्जाविकारतज्ज्ञ.

फॅमिली डॉक्टर : मॅडम, तुमच्याकडून परत आलेल्या रुग्णांच्या चिठ्ठीवर जीवनसत्त्वांची गोळी खोडलेली दिसते. पक्षाघाताचा रुग्ण सुस्त असतो, पायाला मुंग्या येतात, डोके चालत नाही असे तो स्वतः सांगतो, आणि अशा माणसाला ब गटातील जीवनसत्त्वे देण्यात तोटा कोणता, हे कळत नाही. शरीरात होमोसिस्टीन नावाचे एक अमिनो आम्ल तयार होत असते, त्याचे पुन्हा मेथिओनीनमध्ये रूपांतर करण्यासाठी फोलेट आणि ब-१२ लागते, त्याची दुसऱ्या मार्गाने विल्हेवाट लावण्यासाठी ब-६ लागते, आणि ही तीन कमी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचून रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा पोहोचवते. ज्या रसायनामुळे वाहिन्या बिघडतात ते स्वस्तात कमी करता येत असेल तर ते करू नये काय?

मज्जाविकारतज्ज्ञ : सर, होमोसिस्टीन कमी होते, यात वाद नाही. वाद आहे तो त्यानंतर काय होते याचा. पर्थच्या ग्रॅमी हँकी यांच्या नेतृत्वाखाली वीस देशांत झालेल्या व्हिटाटॉप्स चाचणीत नुकताच पक्षाघात किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेले ८,१६४ रुग्ण घेतले गेले, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले गेले, एका गटाला रोज २ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल (फोलेटचे औषधी रूप), २५ मिलिग्रॅम ब-६ आणि अर्धा मिलिग्रॅम ब-१२ दिले, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. २०१० साली निष्कर्ष आला की पुन्हा पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू यांचे प्रमाण एका गटात १५ टक्के तर दुसऱ्यात १७ टक्के होते, आणि हा फरक योगायोगाने पडला नाही असे ठामपणे म्हणता येत नव्हते. त्यातील २,२१४ जणांची बोधनक्षमता पुढे सुमारे पावणेतीन वर्षे तपासली गेली. गोळी घेणाऱ्यांचे होमोसिस्टीन लिटरला १०.२ मायक्रोमोल आणि न घेणाऱ्यांचे १४.२, म्हणजे रक्तात फरक स्पष्ट. पण बोधनक्षमता नव्याने बिघडलेल्यांचे प्रमाण ९.१ आणि ९.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. रक्ताचा अहवाल सुधारला आणि माणूस होता तसाच राहिला. पुढे २०१४ साली क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ११ चाचण्यांतील सुमारे २२,००० व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हाही उत्तर हेच आले.

हा मुद्दा प्रथमदर्शनी निर्णायक वाटतो, आणि पुष्कळ वैद्यकीय लेखन येथेच थांबते. परंतु कोणत्याही चाचणीचा निष्कर्ष तीत कोण होते आणि काय मोजले यांपासून वेगळा काढता येत नाही, आणि फॅमिली डॉक्टरांचे पुढचे म्हणणे नेमके याच दोन ठिकाणी बोट ठेवते.

फॅमिली डॉक्टर : मॅडम, व्हिटाटॉप्समध्ये गोळी न घेणाऱ्यांचे गुण किती घसरले?

मज्जाविकारतज्ज्ञ : तीस गुणांच्या तपासणीत सरासरी पाव गुण.

फॅमिली डॉक्टर : म्हणजे जो गट औषधाविना होता तोही पावणेतीन वर्षांत घसरलाच नाही. जेथे पडझड नाही तेथे टेकू उपयोगी आहे की निरुपयोगी हे कसे ठरवायचे? शिवाय ती तपासणी म्हणजे आजची तारीख सांगा, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करा, दोन पंचकोन काढा, अशी. ज्या ऑपरेटरला पहिल्या पीसपर्यंतचा क्रम लागत नाही तो यातील जवळजवळ सगळे करून दाखवील. राहिला प्रश्न माणसांचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गावांतील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा ६७ टक्के जणांत ब-१२ कमी होते आणि ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन १५ च्या वर होते. मध्यमवर्गात तर कमतरता ८१ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. व्हिटाटॉप्समध्ये औषधाविना असलेल्यांची सरासरी १४.२ होती, येथे रस्त्यावरून जाणाऱ्या निम्म्याहून अधिक पुरुषांची पातळी तिच्याही वर असणार. ज्या देशांत लोक मांस-मासे-अंडी रोज खातात, आणि अमेरिकेसारख्या देशांत १९९८ पासून पिठातच फॉलिक आम्ल मिसळले जाते, त्यांच्या सरासरीवरून भोसरीच्या रुग्णाचा निकाल लावणे योग्य ठरेल काय?

मज्जाविकारतज्ज्ञ : हा आक्षेप रास्त आहे, पण तो अर्धाच रास्त आहे, सर. केईएमच्या अभ्यासातील पुरुष पक्षाघाताचे रुग्ण नव्हते, आणि त्यांना गोळ्या देऊन त्यांची बुद्धी मोजलेली नव्हती. कमतरता व्यापक आहे एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मात्र औषधांच्या दुकानात कोणी सांगत नाही. वाढलेल्या होमोसिस्टीनच्या धोक्यातील २८ टक्के वाटा कमी ब-१२चा आणि फोलेटच्या कमतरतेचा अवघा २ टक्के होता. म्हणजे या भागातला प्रश्न फोलेटचा नाही. डाळी, पालेभाज्या, मेथी, शेपू खाणाऱ्या माणसाला फोलेट मिळतच असते. अशा माणसाला फॉलिक आम्लाने भरलेली गोळी देऊन ब-१२ तसेच कमी राहू दिले तर रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालू राहते, ही तर जुनी आणि पक्की माहिती आहे.

फॅमिली डॉक्टर : ऑक्सफर्डच्या व्हिटाकॉग चाचणीचे काय? सत्तरी ओलांडलेल्या, किंचित विस्मृती असलेल्या लोकांत ब गटाच्या जीवनसत्त्वांनी मेंदू आक्रसण्याचा वेग वर्षाला १.०८ टक्क्यांवरून ०.७६ वर आला, आणि ज्यांचे होमोसिस्टीन १३ च्या वर होते त्यांच्यात हा वेग निम्म्याहून अधिक घटला. चीनमधील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०,७०२ रक्तदाबाच्या रुग्णांत एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळीच्या जोडीला फॉलिक आम्ल दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. आणि २०२२ सालच्या कॉसमॉस-माइंड चाचणीत तीन वर्षे साधी बहुजीवनसत्त्वाची गोळी घेणाऱ्या वयस्क अमेरिकनांची बोधनक्षमता इतरांहून बरी राहिली, त्यातही ज्यांना हृदयविकार होता त्यांची अधिक.

मज्जाविकारतज्ज्ञ : तिन्ही चाचण्या चांगल्या आहेत, पण त्यांपैकी एकही पक्षाघातानंतरच्या रुग्णांवर बेतलेली नाही. व्हिटाकॉगमध्ये मेंदूची चित्रे शेवटपर्यंत मिळाली ती फक्त १६८ जणांची. कॉसमॉसमध्ये पक्षाघात होऊन गेलेल्यांना प्रवेशच नव्हता. चीनमधील चाचणी झटका येण्याआधीची आहे आणि तिचा लाभ फोलेट कमी असलेल्यांत सर्वांत ठळक दिसला. पण व्हिटाकॉग आणि चीनमधील चाचणी यांच्याकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट मान्य करावी लागते. लाभ दिसला आहे तो प्रामुख्याने ज्यांच्या शरीरात काहीतरी कमी होते त्यांना, आणि ज्यांच्यात कमी नव्हते त्यांच्यात गोळीने फारसे काही घडवले नाही.

वादाचे मर्म या वाक्यात आहे. ‘जीवनसत्त्वांनी पक्षाघातानंतरची बुद्धी सुधारते का’ हा प्रश्न जसा विचारला जातो तसा तो उत्तर देण्याजोगा नाही, कारण त्यात रुग्णाच्या रक्ताचा उल्लेखच नाही. मोठ्या चाचण्यांनी सर्वांना सरसकट दिलेल्या गोळीचा सरासरी परिणाम मोजला आणि तो शून्याजवळ आला. त्यावरून सरसकट गोळी देऊ नये एवढे ठरते, परंतु ज्याचे ब-१२ खरोखर तळाला गेले आहे त्याला ते देऊ नये असे मुळीच ठरत नाही. ब-१२ची कमतरता हा स्वतंत्र आजार आहे. मज्जातंतूंवरील मायलिन नावाचे आवरण तिच्यामुळे झिजते, पायांची संवेदना जाते, विचार मंदावतात, आणि हे सारे पक्षाघात न झालेल्या माणसातही होते. पक्षाघाताचा रुग्ण मंद झाला असेल तर त्याच्या मंदपणाला दोन कारणे एकाच वेळी असू शकतात, त्यांपैकी मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण दुसरे कारण भरून काढता येते. फॅमिली डॉक्टरांची दयाबुद्धी आणि मज्जाविकारतज्ज्ञांचा काटेकोरपणा या दोघांनाही येथे एकच साधी गोष्ट हवी आहे, आणि ती म्हणजे गोळीआधी काढलेले रक्त.

मज्जाविकारतज्ज्ञ : सर, खरी अडचण तीच आहे. रुग्ण येतो तेव्हा तीन इंजेक्शने झालेली असतात. त्यानंतर रक्त तपासले की ब-१२ भरपूर दिसते, आणि मुळात ते कमी होते की नाही हे कायमचे कळेनासे होते. उपचारामुळे पुरावाच पुसला जातो.

फॅमिली डॉक्टर : दवाखान्यात बसणाऱ्याची बाजूही ऐकावी, मॅडम. कंत्राटी कामगाराचा पगार झटक्यानंतर थांबलेला असतो, ब-१२ची तपासणी साध्या रक्ततपासणीहून महाग असते, आणि नातेवाईक म्हणतात की तपासण्या पुरे झाल्या, आता काहीतरी द्या. लाल इंजेक्शन दिले की उपचार झाल्यासारखे त्यांना वाटते.

मज्जाविकारतज्ज्ञ : पैसे कमी असतील तर तपासणीची गरज अधिक आहे. चार-पाच महिन्यांच्या पाकिटांपेक्षा एक तपासणी स्वस्त पडते. आणि घरात पैसे संपले की पिशवीतून प्रथम काय गळते? रक्तदाबाची गोळी. कारण रक्तदाब दुखत नाही, आणि ‘ताकदीची’ गोळी बंद केली तर माणूस कमजोर होईल अशी भीती असते. पेरिंडोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीचा अभ्यास, प्रोग्रेस या नावाचा, ६,१०५ पक्षाघाताच्या रुग्णांत झाला. रक्तदाब उतरवल्याने बोधनक्षमता ढासळण्याचे प्रमाण सुमारे चार वर्षांत ११ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आले. बुद्धी राखणारी गोळी पिशवीत आहेच, सर, फक्त तिच्या पाकिटावर मेंदूचे चित्र नाही.

या मुद्द्यावर मज्जाविकारतज्ज्ञांची बाजू निःसंशय बळकट आहे. ज्या दुसऱ्या झटक्याने स्मृतिभ्रंशाचे प्रमाण तिपटीहून अधिक वाढते तो झटका टाळणे हेच बोधनक्षमतेचे सर्वांत मोठे रक्षण होय, आणि त्यासाठी लागणारी औषधे जनऔषधी केंद्रांतही स्वस्तात मिळतात. त्याचबरोबर झटक्यानंतरची उदासी, जी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना ग्रासते, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, ऐकू कमी येणे, आणि रात्रपाळीच्या सवयीने विस्कटलेली झोप या गोष्टीही विस्मृतीसारख्या दिसतात. त्यांच्यावर उपचार आहेत, पण त्यांचा शोध घ्यायला रुग्णाशी अर्धा तास बोलावे लागते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो अर्धा तास सर्वांत दुर्मीळ असतो.

‘तोटा कोणता’ या फॅमिली डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच द्यायला हवे. ब-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच मज्जातंतू बिघडून पायांना मुंग्या येतात, आणि त्या मुंग्यांसाठी तीच गोळी पुढे चालू ठेवली जाते. मधुमेहाने मूत्रपिंडे दुखावलेल्या २३८ रुग्णांत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डिव्हाइन चाचणीत ब गटाच्या मोठ्या मात्रांनी मूत्रपिंडाचे कार्य अधिक वेगाने घटले आणि रक्तवाहिन्यांच्या दुर्घटना वाढल्या, म्हणून क्रिएटिनीन न पाहता अशी मात्रा देणे धोक्याचे ठरते. ई जीवनसत्त्वाने मेंदूतील रक्तस्रावाचा धोका काहीसा वाढतो, असे २०१० सालच्या एकत्रित विश्लेषणात दिसले, आणि पक्षाघाताचा रुग्ण बहुधा आधीच गुठळीविरोधी गोळी घेत असतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरीन घेणाऱ्याच्या बहुजीवनसत्त्वात के जीवनसत्त्व असेल तर वॉरफरीनचा हिशेब चुकतो. आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी, जी आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची असते, ती ‘रोज’ असे समजून घेतली गेली तर रक्तातील कॅल्शियम वाढून माणूस बरळू लागतो. ज्याला आधीच दिवस-वार आठवत नाही त्याच्या हाती ही पुडी देताना वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला हवा.

फॅमिली डॉक्टर : या सगळ्यानंतरही, मॅडम, देहू आणि आळंदीच्या मधला हा मुलूख विसरता येणार नाही. खेड, मावळ, हवेलीच्या गावांतून कारखान्यात आलेल्या कितीतरी घरांत माळ घातलेली माणसे आहेत; मांस, मासे, अंडी यांना त्यांच्या ताटात स्थान नाही, आणि ती त्यांच्या श्रद्धेची गोष्ट आहे. केईएमच्या अभ्यासात शाकाहारी माणसाला ब-१२ कमी असण्याचा धोका ४.४ पट आढळला. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पँटोप्रॅझोल चालू असेल, तर दोन्ही औषधे ब-१२चे शोषण आणखी घटवतात. अशा माणसाचे ब-१२ बरोबर आहे असे गृहीत धरणे हीच चूक आहे.

मज्जाविकारतज्ज्ञ : मान्य. म्हणून पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची ब-१२ची तपासणी पहिल्याच रक्तासोबत व्हावी, हे तुमचे म्हणणे पूर्णपणे स्वीकारण्यासारखे आहे. पातळी मिलिलिटरला सुमारे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ती भरून काढावी, आणि आहार बदलत नसेल तर ती कायम भरत राहावी. मात्र इंजेक्शनच हवे असे नाही. आतड्यातील नेहमीच्या मार्गाने एका वेळी दोनेक मायक्रोग्रॅमच शोषले जातात, पण १,००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर त्यातील सुमारे एक टक्का, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, त्या मार्गाविनाही झिरपून रक्तात उतरते, आणि दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच आहे. मुंग्या, तोल जाणे अशी मज्जातंतूंची लक्षणे ठळक असतील तर सुरुवात इंजेक्शनाने करावी.

फॅमिली डॉक्टर : माळकरी रुग्ण आणखी एक गोष्ट विचारतो : हे औषध कशापासून करतात?

हा प्रश्न क्षुल्लक समजून उडवून लावण्याजोगा नाही, कारण त्याचे उत्तर न मिळाल्यास औषध पिशवीतच राहते. ब-१२ वनस्पती करत नाहीत आणि प्राणीही करत नाहीत. ते फक्त सूक्ष्मजीव करतात, आणि प्राण्यांच्या शरीरात ते तेथूनच येते. १९४८ साली ते यकृतातून वेगळे काढण्यात यश आले आणि लवकरच स्ट्रेप्टोमायसिन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या आंबवणीतूनही ते मिळू लागले, म्हणजे ज्या प्रकारच्या मोठ्या टाक्यांतील आंबवणीने पिंपरीचे नाव प्रतिजैविकांच्या नकाशावर आणले त्याच जातीच्या तंत्रातून आजचे ब-१२ येते. प्राणिज असते ते पुष्कळदा कॅप्सूलचे जिलेटिनचे आवरण, म्हणून माळकरी रुग्णाला कॅप्सूलऐवजी साधी गोळी लिहून देणे हा शंभर उपदेशांहून उपयोगी उपाय आहे. आहारातून म्हटले तर पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आसपास ब-१२ असते, पण चहापुरते दूध घेणाऱ्याला त्याचा लाभ होत नाही. पोषणवर्धित तांदळात लोह आणि फॉलिक आम्लाबरोबर ब-१२ही मिसळले जाते, तरी त्याचे प्रमाण किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम एवढेच असल्याने दोनशे ग्रॅम तांदळातून दिवसाच्या गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा भागतो. तळाला गेलेली पातळी तेवढ्याने वर येणार नाही.

फॅमिली डॉक्टर : मग ज्यांचे ब-१२ २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या मध्ये आहे त्यांचे काय? त्यांना तीन महिने देऊन पाहावे, आणि डोके सुधारले तर पुढे चालू ठेवावे.

मज्जाविकारतज्ज्ञ : द्यायला हरकत नाही, सर, पण डोक्यावरून त्याची परीक्षा करू नये. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मेंदू आपोआपच सर्वाधिक सावरतो. त्या काळात सुरू केलेली कोणतीही गोळी गुणकारीच वाटते, आणि तसा समज एकदा घट्ट झाला की तो रुग्ण शेजारच्यालाही तीच गोळी सुचवतो. शक्य असेल तेथे मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी करावी, ज्यावरून पेशींना ब-१२ खरोखर कमी पडते आहे की नाही ते कळते.

फॅमिली डॉक्टर : ती तपासणी परवडणारे रुग्ण भोसरीत किती, मॅडम?

मज्जाविकारतज्ज्ञ : थोडे. म्हणून मधल्या पातळीच्या माळकरी रुग्णाला तपासणीविना दिले तरी ते चुकीचे म्हणता येणार नाही. फक्त चिठ्ठीवर ‘मेंदूसाठी’ असे लिहू नये. ‘ब-१२ कमी’ असे लिहावे, आकडा लिहावा, तारीख लिहावी.

मधल्या पातळीबद्दलचा हा मतभेद येथे पूर्णपणे मिटत नाही, आणि तो मिटवण्याची घाईही नको, कारण कमी ब-१२ असलेल्या भारतीय पक्षाघातग्रस्तांवरच बेतलेल्या मोठ्या चाचणीनेच त्याचा निर्णय लागू शकतो. तोवर चाकणच्या ऑपरेटरला कामावर परतण्यासाठी जे लागते ते बहुतांशी औषधांच्या दुकानाबाहेरचे आहे : यंत्राशेजारी मोठ्या अक्षरांत लावलेली पायऱ्यांची यादी, प्रत्येक पायरी झाल्यावर तिच्यापुढे खूण करण्याची सवय, सुरुवातीचे काही आठवडे फक्त दिवसपाळी, मध्येच हाक मारू नये हे शेजारच्या दोघांना सांगून ठेवणे, आणि पहिला पीस मोजताना बाजूला उभा राहणारा, यंत्र जुळवून देणारा एखादा जुना सेटर. व्यावसायिक उपचारतज्ज्ञ ही यादी रुग्णाकडूनच तयार करून घेतात, कारण जी पायरी त्याने स्वतः लिहिली ती त्याला लवकर सापडते. फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर त्या यादीसाठी रेघा आखल्या आणि सर्वांत वर, पाळी सुरू होण्याच्याही आधीची पायरी म्हणून, रक्तदाबाच्या गोळीची वेळ लिहिली.